खिडकीतला कूलर आणि फुप्फुसाचा आजार

विदर्भात दिवाळीच्या साफसफाईत एक काम हमखास मागे पडते. भिंती झाडून होतात, डबे घासून होतात, माळ्यावरची अडगळ खाली येते. पण खिडकीत बसवलेला कूलर तसाच राहतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की त्याचे बटण बंद होते आणि पुढच्या मार्चपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहत नाही. टाकीच्या तळाशी चार बोटे पाणी, त्यात पावसाचे आणखी थोडे, ताट्यांवर शेवाळ आणि कडेने क्षारांचा पांढरा थर. हे दृश्य मी पंचवीस वर्षे पाहिले, कारण तो माझा धंदा होता. शिक्षणाने मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. कूलर, पंप आणि मोटारी दुरुस्त करून घर चालवले. पंख्याचे बेअरिंग, पंपाचे जळालेले वाइंडिंग, फुटलेला फ्लोट एवढेच मला दिसायचे. त्या ओल्या ताटीत काय वाढते आणि तिथून ते कुठे जाते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला माझ्या थोरल्या बहिणीच्या खोकल्यामुळे.

ताईचा खोकला

ताई अकोल्याला राहते. 2011 साली तिच्या झोपण्याच्या खोलीत मीच कूलर बसवून दिला. भाऊजींना दम्याचा त्रास असल्यामुळे त्यांचा पलंग दाराकडे होता. ताईचा पलंग बरोबर कूलरच्या तोंडाशी. दोन-तीन उन्हाळे काही झाले नाही. 2014 च्या एप्रिलमध्ये तिला रात्री कणकण येऊ लागली. "भाऊ, रात्री अंग मोडून येते अन् सकाळी उठले की काहीच नाही रे," असे ती फोनवर सांगायची. नंतर कोरडा खोकला सुरू झाला. जिना चढताना दम लागू लागला, वजन उतरले.

एक्स-रेत डाग दिसले. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी क्षयाची औषधे सुरू झाली आणि सहा महिने चालली. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. आपल्याकडे खोकला, ताप आणि वजन घटणे ही तीन लक्षणे एकत्र दिसली की पहिला विचार क्षयाचाच येतो आणि तो यायलाही हवा. औषधे घेताना पावसाळा आला, कूलर बंद झाला, ताईला बरे वाटू लागले. सर्वांनी मानले की औषध लागू पडले. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. मे महिन्यात ती पंधरा दिवस नाशिकला लेकीकडे गेली, तर तिथे खोकला जवळजवळ थांबला. घरी परत आली आणि तिसऱ्या रात्री पुन्हा सुरू.

ही खूण आमच्या डोळ्यांसमोर होती, पण तिचा अर्थ कोणाला लागला नाही. 2017 मध्ये नागपूरच्या एका छातीरोगतज्ज्ञांनी एचआरसीटी पाहिला आणि औषधाचे नाव लिहिण्याआधी विचारले, "घरात कूलर आहे का? कबुतरे? भिंतीला ओल?" मग त्यांनी आजाराचे नाव सांगितले : हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. तोवर फुप्फुसाच्या काही भागात व्रण पडून तो भाग कायमचा घट्ट झाला होता.

त्या दिवसापासून मी या विषयाचे मिळेल ते वाचत आलो आहे. वैद्यकीय शब्दकोश शेजारी घेऊन एकेक निबंध वाचायला मला महिना महिना लागला. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो.

वाळ्याच्या ताटीपासून डेझर्ट कूलरपर्यंत

ओल्या पडद्यातून वारा घेऊन खोली थंड करण्याची युक्ती आपल्याकडे जुनी आहे. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून गारवा निर्माण करण्याच्या खोल्यांचे वर्णन अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज साहेबांच्या बंगल्यांत हाताने फिरवायचा पंखा आणि ओल्या वाळ्याच्या ताट्या यांचे एक मोठे यंत्र असे. त्याला ते थर्मँटिडोट म्हणत. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटी भागात लाकडाच्या भुश्शाच्या लांब तंतूंची ताटी, पंप आणि विजेचा पंखा असलेली पेटी घरोघर आली. आपला लोखंडी पत्र्याचा डेझर्ट कूलर त्याच जातीचा.

त्यामागचे तत्त्व माठाचेच आहे. पाण्याची वाफ होताना ते आसपासची उष्णता ओढून घेते. नागपूर-अकोल्याची मे महिन्यातली हवा कोरडी असते, म्हणून तिथे कूलर उत्तम चालतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत तो निरुपयोगी ठरतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कूलर ही चैन नाही. उष्माघातापासून तो माणसे वाचवतो आणि एअर कंडिशनरपेक्षा कितीतरी कमी वीज खातो. म्हणून हा लेख कूलरविरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकतो.

अडचण त्याच्या रचनेतच आहे. ताटीत लाकडाचे तंतू किंवा वाळा, म्हणजे वनस्पतीचे मेलेले धागे. ते सतत ओले. बाहेरून येणारी धूळ त्यावर चिकटते. पाणी तेच तेच फिरते. वाफ होऊन जाते ते शुद्ध पाणी, मागे उरतात क्षार, माती आणि जिवाणू. बुरशीला लागणारे अन्न, ओल आणि सावली या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र मिळतात. आणि समोर एक पंखा असतो, ज्याचे काम त्या ताटीतून हवा ओढून झोपलेल्या माणसाच्या तोंडावर सोडणे हे आहे.

कण किती लहान असावा?

विसावा घेणारा प्रौढ माणूस दिवसाला साधारण दहा हजार लिटर हवा आत घेतो. नाक आणि घसा ही तिची चाळणी. दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक तिथेच अडकतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. पण एक ते पाच मायक्रॉनचे कण चाळणीतून निसटून थेट वायुकोशांपर्यंत जातात. बुरशीचे बरेचसे बीजाणू दोन ते पाच मायक्रॉनचे असतात आणि ॲक्टिनोमायसीट गटातल्या जिवाणूंचे बीजाणू तर एका मायक्रॉनच्या आसपास. त्यांच्यापुढे आपली चाळणी विरळ पडते.

वायुकोश म्हणजे श्वासनलिकांच्या टोकाला असलेले फुगे. दोन्ही फुप्फुसांत मिळून ते तीस ते पन्नास कोटी असतात. त्यांची भिंत इतकी पातळ की प्राणवायू तिच्यातून सहज रक्तात जातो. हाच पातळपणा या आजारात नाहीसा होतो.

संसर्ग नव्हे, भांडण

हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्ये बुरशी फुप्फुसात वाढत नाही, हे समजायला मला बराच वेळ लागला. क्षयात किंवा साध्या न्यूमोनियात जंतू आत घर करतो, वाढतो, म्हणून जंतुनाशक औषध उपयोगी पडते. इथे आत येतात ते बीजाणू, बहुतेक मेलेले, किंवा त्यांचे तुकडे. शरीराची संरक्षणव्यवस्था त्यांना शत्रू मानते आणि रोज रात्री नव्याने लढाई सुरू होते. लिम्फोसाइट पेशी वायुकोशांच्या भिंतीत जमतात, सूज येते, पेशींच्या लहान गाठी बनतात. हे महिनोन् महिने चालले की जखम भरून काढण्यासाठी व्रणाची उती तयार होते. स्पंजासारखे मऊ फुप्फुस ठिकठिकाणी चामड्यासारखे होते. यालाच फायब्रोसिस म्हणतात आणि तो उलटत नाही.

आजाराची दोन रूपे दिसतात. पहिल्यात संपर्कानंतर चार ते आठ तासांनी ताप, अंगदुखी, खोकला आणि दम लागतो. संपर्क थांबला तर एक-दोन दिवसांत सारे ओसरते. फ्लू किंवा मलेरिया समजून हे रूप सहज सुटून जाते. दुसरे रूप हळू येते : कोरडा खोकला, चढावर दम, थकवा, वजनात घट. छातीला नळी लावली तर श्वास घेताना वेल्क्रोची पट्टी उलगडावी तसा करकर आवाज येतो. ताईला पहिले रूप झाले आणि त्याकडे लक्ष गेले नाही म्हणून दुसरे झाले.

एकाच खोलीत झोपणाऱ्या दोघांपैकी एकालाच हा आजार का होतो? भाऊजींना काहीच झाले नाही. याचे एक कारण वारशाने आलेली शरीराची ठेवण, दुसरे संपर्काचे प्रमाण. कूलर वापरणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा आजार होत नाही. पण ज्याला होतो, त्याच्या बाबतीत थोडा संपर्कही पुरतो.

गवताच्या गंजीपासून कार्यालयापर्यंत

या आजाराचा शोध शेतातून लागला. 1932 मध्ये कॅम्पबेल नावाच्या इंग्रज डॉक्टरने वेस्टमोरलँड परगण्यातील शेतकऱ्यांचे वर्णन केले. बुरशी आलेले वाळके गवत हाताळल्यावर त्यांना धाप लागत होती. पुढे त्याला 'शेतकऱ्याचे फुप्फुस' असे नाव पडले. 1960 च्या दशकात लंडनमध्ये जॅक पेपिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे मूळ दाखवले. ओलसर गवताची गंजी आतून तापते आणि त्या उष्णतेत ॲक्टिनोमायसीट जातीचे जिवाणू भरमसाट वाढतात. रोग्यांच्या रक्तात त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. आपल्या साखर कारखान्यांच्या आवारात बगॅसचे ढीग असतात; ओल्या, जुन्या बगॅसच्या धुळीने होणाऱ्या अशाच आजाराला बगॅसोसिस म्हणतात.

मग हा आजार शेतातून घरात शिरला. 1970 मध्ये बनाझाक, थीडे आणि फिंक या अमेरिकन डॉक्टरांनी एका कार्यालयातील कर्मचाऱ्यांचा आजार नोंदवला. कारण होते एअर कंडिशनरमध्ये वाढलेले त्याच जातीचे जिवाणू. जपानमध्ये तर या आजाराचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार घरातलाच आहे. जुन्या लाकडी घरांच्या कुजक्या, ओलसर भागांत ट्रायकोस्पोरॉन नावाची यीस्टसारखी बुरशी वाढते आणि दमट उन्हाळ्यात माणसे आजारी पडतात. रुग्णालयात गेले की बरे वाटते आणि घरी आले की पुन्हा त्रास होतो, ही खूण तिथल्या डॉक्टरांनी नेमकी ओळखली. कुजके लाकूड काढून टाकणे हा तिथे उपचाराचाच भाग आहे.

आपल्याकडचे चित्र 2017 मध्ये स्पष्ट झाले. जयपूरच्या डॉ. शीतू सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील 19 शहरांमधल्या 27 केंद्रांत फुप्फुसाच्या अशा दीर्घ आजारांच्या 1,084 रुग्णांची नोंद केली. त्यांपैकी 513, म्हणजे 47.3 टक्के रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींत हे प्रमाण बरेच कमी असते. आणि या 513 पैकी जवळजवळ निम्म्यांच्या घरात एअर कूलरचा संपर्क होता. आकडा वाचताना एक सावधगिरी हवी. संपर्काची माहिती प्रश्नावलीतून घेतली होती, आणि उत्तर भारतात कूलर घरोघर असतात. तेव्हा कूलर असणे म्हणजे कूलरमुळेच आजार होणे असे नव्हे. पण डॉक्टरांनी कोणता प्रश्न विचारलाच पाहिजे, हे त्या पाहणीने पक्के केले. नागपूरच्या तज्ज्ञांचा तो पहिला प्रश्न मला नंतर उमगला.

मुंबई-पुण्यात कूलरची जागा कबुतरे घेतात. त्यांच्या विष्ठेतली आणि पिसांतली प्रथिने हाच आजार घडवतात. 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी वैद्यकीय मुद्दा हाच होता.

पाण्यातले दोन रहिवासी

घरातल्या पाण्यातून फुप्फुसात शिरून खरोखरचा संसर्ग करणारे जिवाणूही आहेत. त्यांपैकी दोन महत्त्वाचे.

पहिला लिजिओनेला. जुलै 1976 मध्ये फिलाडेल्फियाच्या बेल्व्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले. त्यानंतर न्यूमोनियाची साथ आली. नोंदल्या गेलेल्या 182 रुग्णांपैकी 29 जण दगावले. अनेक महिन्यांनी जोसेफ मॅकडेड यांनी तोवर अज्ञात असलेला जिवाणू शोधून काढला. मग जुने जपून ठेवलेले नमुने तपासले, तेव्हा 1968 मध्ये मिशिगनमधल्या पाँटियाक गावी आलेल्या तापाचा उलगडा झाला. तिथे 144 जण आजारी पडले होते आणि सगळे बरे झाले होते. गंमत अशी की तो ताप आरोग्य खात्याच्याच इमारतीतून पसरला होता.

हा जिवाणू गोड्या पाण्यातल्या अमिबाच्या पोटात राहतो. कोमट, साचलेले पाणी त्याला आवडते; 25 ते 45 अंशांत तो वाढतो, साठ अंशांच्या वर टिकत नाही. तो पिण्यातून नव्हे, तर तुषार श्वासात गेल्याने बाधतो, आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाही. चालू कूलरमधले पाणी बाष्पीभवनामुळे तुलनेने थंड राहते, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. पण आठवडाभर बंद पडून उन्हात तापलेली टाकी, महिनोन् महिने न वापरलेला शॉवर, चाळीस अंशांवर ठेवलेला गीझर या जागा त्याच्या सोयीच्या.

दुसरा रहिवासी म्हणजे क्षयाच्या जंतूचे चुलतभाऊ, ज्यांना नॉन-ट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया म्हणतात. माती आणि पाणी हे त्यांचे घर. अंगावर मेणासारखे कवच असल्यामुळे नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला ते सहज दाद देत नाहीत. नळाच्या आत हाताला लागणारा बुळबुळीत थर म्हणजे जिवाणूंची वसाहत. तिथे ते चिवटपणे राहतात. 2009 मध्ये कोलोरॅडोच्या नॉर्मन पेस यांच्या गटाने अमेरिकेतल्या नऊ शहरांमधले 45 शॉवर तपासले. काही शॉवरच्या थरात या गटातल्या मायकोबॅक्टेरियम एव्हियमचे प्रमाण पाण्यातल्यापेक्षा शंभरपटीहून जास्त निघाले. धडधाकट माणसाला त्याने सहसा काही होत नाही. आधीच फुप्फुस खराब झालेल्यांना मात्र धोका असतो.

आपल्या दृष्टीने यातला कळीचा मुद्दा निदानाचा. थुंकीच्या नेहमीच्या तपासणीत हे चुलतभाऊ क्षयाच्या जंतूसारखेच लाल दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांतला फरक कळत नाही. सीबीनॅटसारख्या जनुकीय चाचणीत किंवा कल्चरमध्ये तो कळतो. म्हणून क्षयाची औषधे नियमित घेऊनही गुण येत नसेल, तर औषध स्वतःहून न सोडता ही तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे.

काय करता येईल?

माझ्या हातात पाना-पक्कड होती, म्हणून मी त्या बाजूनेच सांगतो.

कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करावी, घासावी आणि कोरडी होऊ द्यावी. डेंग्यूचे डास रोखण्यासाठी नगरपालिका 'कोरडा दिवस' पाळायला सांगते. तोच दिवस फुप्फुसासाठीही पाळला जातो. नुसते वरून पाणी ओतत राहणे म्हणजे घाण दाट करत जाणे. रात्री कूलर बंद करताना आधी पंप बंद करावा आणि पंखा अर्धा तास चालू ठेवावा, म्हणजे ताट्या वाळतात. ही सवय फुकटची आहे आणि सर्वांत उपयोगी आहे. ताट्या दर हंगामात बदलाव्यात. कुबट वास येऊ लागला तर हंगाम संपायची वाट पाहू नये. पाण्यात अत्तर किंवा वाळ्याचे सुगंधी द्रव्य टाकल्याने वास झाकला जातो, बुरशी मरत नाही. कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊ नये आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी.

जुन्या ताट्या काढताना त्या आधी ओल्या कराव्यात, कारण कोरड्या ताटीतून बीजाणूंची धूळ उडते. नाकातोंडावर एन-95 मास्क लावावा आणि हे काम खोकला किंवा दमा असणाऱ्याला देऊ नये. घासण्यासाठी ब्लीच वापरले तर त्यात ॲसिड मिसळू नये; त्यातून विषारी वायू निघतो.

गीझर साठ अंशांवर ठेवावा, मात्र बादलीत गार पाणी मिसळूनच वापरावे. लहान मुलांना भाजण्याची भीती असते. बरेच दिवस बंद असलेल्या घरात गेलात तर नळ आणि शॉवर काही मिनिटे सोडून स्वतः बाहेर थांबावे. नेब्युलायझरमध्ये आणि ऑक्सिजन यंत्राच्या बाटलीत नळाचे पाणी घालू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक छोटी वही. खोकला कधी वाढतो, कधी कमी होतो, गावाला गेल्यावर काय होते, कोणत्या खोलीत त्रास होतो, हे तारखेसह लिहावे. या आजाराच्या निदानात एचआरसीटीइतकेच मोल या वहीचे आहे. कारण सापडले आणि ते दूर केले, हा पहिला उपचार; स्टेरॉइड आणि इतर औषधे त्याच्यानंतर येतात. कारण घरातच राहिले, तर औषधांचा उपयोग अपुरा पडतो.

ताईच्या खोलीतला कूलर 2017 मध्ये मीच काढला. ताटी उचलली तेव्हा आतल्या बाजूला काळपट-हिरवा थर बोटभर होता. तोच सगळ्याला कारण होता असे छातीठोकपणे कोणी सांगितले नाही, डॉक्टर म्हणाले, "सर्वांत संभाव्य कारण." तो गेल्यानंतर रात्रीची कणकण परत आली नाही. खोकला कमी झाला, फुप्फुसाची क्षमता जिथे होती तिथे थांबली. गेलेली परत आली नाही. ताई आज एक मजला चढताना दोनदा थांबते. मी तिच्याकडे गेलो की ती कधी कूलरचा विषय काढत नाही, पण मी काढतो.

आता धंदा माझा मुलगा पाहतो. आमच्या दुकानातून कूलर दुरुस्त होऊन जाताना त्याच्या पत्र्यावर एक कागद चिकटवलेला असतो : आठवड्याला टाकी कोरडी, बंद करताना आधी पंप मग पंखा, दर वर्षी नवी ताटी. बऱ्याच जणांना तो कागद म्हणजे जादा उपदेश वाटतो. काही जण तो ठेवतात.

यंदा फराळाची तयारी सुरू होण्यापूर्वी एक तास काढा. कूलरची टाकी उपडी करा, ताट्या काढून टाका, पेटी दोन दिवस उन्हात ठेवा आणि मगच ती झाकून ठेवा. आणि घरात कोणाचा खोकला एखाद्या ऋतूत किंवा एखाद्याच खोलीत वाढत असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना हे त्यांनी विचारण्याआधी आपणच सांगा.